गठ्ठ्याचं पहिलं कार्ड

माझं लग्न जमवायच्या दिवसांत वडिलांची मोठी पंचाईत व्हायची. "मुलगा काय करतो?" असं कुणी विचारलं की ते "नगरलाच असतो, कम्प्युटरवर" एवढं म्हणून चहा आणायला सांगत. एकदा एका मुलीच्या मामांनी चिवटपणे विचारलं, "कम्प्युटरवर म्हणजे नेमकं काय?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी तरुण होतो, खरं बोलायची खोड होती. म्हणालो, "चालू असलेल्या प्रोग्रॅमच्या पोटात खरोखर काय आहे ते मी बघतो." मामांनी पोहे संपवले आणि नंतर कळवतो म्हणाले. अजून कळवायचे आहेत.

आज नातवंडांच्या हातात त्या यंत्राहून शहाणं यंत्र असतं, तरी मी काय करत होतो हे त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून एकदा नीट सांगतो.

सत्तरच्या आसपास जिल्ह्यातल्या काही साखर कारखान्यांनी मिळून नगरात एक मध्यम आकाराचा कम्प्युटर घेतला होता. मध्यम म्हणजे गोदरेजच्या कपाटांची एक रांग समजा. दुसऱ्याचा वापरलेला होता, पण आम्हाला नवाच. त्याला सगळं काही कार्डांवरच्या भोकांनी सांगावं लागे. आम्ही आमच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचो, यंत्र त्याचं स्वतःच्या भाषेत भाषांतर करायचं आणि त्या भाषांतराच्या कार्डांचा एक नवा गठ्ठा बाहेर टाकायचं. रोजच्या कामाला हा भाषांतरित गठ्ठाच वापरायचा. गंमत अशी, की पंचिंगच्या मुली जी कार्डं पाडत त्यांच्या वरच्या कडेला अक्षरं छापून यायची. यंत्राने पाडलेल्या कार्डांवर नुसती भोकं. ती माणसाला वाचता येत नसत. मला येत.

या गठ्ठ्याच्या पहिल्या कार्डावर त्या प्रोग्रॅमची कुंडली असे. नाव काय, भाषांतर कधी झालं, मेमरीत किती जागा व्यापतो, वगैरे. यंत्राला या कार्डाचं काही सोयरसुतक नसे. ते असलं काय, नसलं काय, यंत्र पुढच्या कार्डापासून कामाला लागे. ते कार्ड होतं माणसांसाठी, आणि माणसांना ते वाचता येत नव्हतं. आमच्या घरात 'रवा' लिहिलेल्या डब्यात साखर असते आणि साखरेच्या डब्यात पापड. बायको झाकण न उघडता बरोबर डबा काढते. मला मात्र झाकण उघडल्याशिवाय चैन पडत नाही. ती याला संशयी स्वभाव म्हणते, पण त्याच स्वभावाचा मला पगार मिळत होता.

धूळ चालत नसल्यामुळे यंत्राच्या हॉलबाहेर चपला काढाव्या लागत. आत गारवा, मंद घरघर, सगळे हळू आवाजात बोलणार. बघायला आलेला माणूस आपोआप हात जोडायचा. यंत्र चालवणारे दत्तोबा यांना तर ते देऊळच वाटे. पूर्वी एका कारखान्यात बॉयलरवर होते, तिथून इकडे आले. त्यांच्या कामात कधी चूक सापडली नाही आणि रोज कामाला लागण्याआधी यंत्राला नमस्कार चुकला नाही. मी त्यांना चिडवायचो, "दत्तोबा, याला काय ऐकू येतंय?" ते म्हणत, "सायब, बॉयलरला बी ऐकू येत न्हाई. पर नमस्कार क्येल्याला कंदी फुटला न्हाई."

बहात्तर सालचा दुष्काळ. पाऊस गेलाच होता. खडी फोडायच्या कामांवर अर्धा जिल्हा. ज्यांचा ऊस विहिरींच्या पाण्यावर उभा होता त्यांच्या विहिरी एकामागून एक कोरड्या पडत चालल्या होत्या. आता, ऊस कोणाचा कधी तोडायचा याची पाळी असते. ज्याची लागण, म्हणजे लागवड, आधीची त्याची तोड आधी, हा साधा न्याय. ती पाळी आमचा 'तोड' नावाचा प्रोग्रॅम लावायचा, आणि त्याच्या यादीप्रमाणे तोडणीच्या टोळ्या उसाच्या फडात जायच्या. पण त्या वर्षी संचालकांनी ठरवलं, की ज्यांची विहीर आटली त्यांचा ऊस आधी उचलायचा. पाण्यावाचून उभा ऊस वाळतो, थांबत नाही. शेतकी खात्याच्या लोकांनी गावोगाव फिरून विहिरी पाहिल्या. प्रत्येक शेतकऱ्याच्या कार्डावर एक नवा रकाना आला. विहीर आटली असेल तर त्यात एक भोक. तो रकाना वाचून पाळी बदलावी असा फेरफार मी प्रोग्रॅममध्ये केला, भाषांतर करून नवा गठ्ठा काढला आणि दत्तोबांच्या हवाली केला. दसरा नुकताच झाला होता.

हंगाम सुरू झाला, पहिली यादी गेली, टोळ्या निघाल्या. आणि राहुरीकडचे नामदेवतात्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. चपला बाहेर काढल्या, टोपी हातात घेतली, आणि यंत्राकडे बघत मला म्हणाले, "ही व्हय ती मशीन? हिला समद्यांचं दिसतंय म्हंत्यात. मग माजी हीर कशी दिसंना? तळाला वटवाघळं राहत्यात तिच्या. शेजाऱ्याच्या हिरीला अजून पानी हाय, अन् टोळी त्याच्या फडात गेली."

मी यादी पाहिली. तात्यांची पाळी होती तिथेच होती, लागणीच्या तारखेप्रमाणे. त्यांच्यासारखेच आटलेल्या विहिरीवाले इतर जण आले, तेव्हा प्रकरण आमचे व्यवस्थापक टेंभेसाहेब यांच्याकडे गेलं.

टेंभेसाहेब वाईट माणूस नव्हता, घाईचा होता. त्यातून संचालक त्यांच्या मानेवर बसलेले. त्यांनी आधी कार्डं मागवली. तात्यांच्या कार्डावर विहिरीच्या रकान्यात भोक होतं. मग आपल्या कपाटातून 'तोड'चा गठ्ठा काढून, तीच कार्डं घालून पुन्हा यादी काढायला लावली. दत्तोबा गावाला गेले होते, म्हणून दुसऱ्या ऑपरेटरने यंत्र चालवलं. यादी आली ती अगदी बरोबर. तात्या वर, शेजारी खाली.

टेंभेसाहेबांनी निष्कर्ष काढला. प्रोग्रॅम बरोबर आहे. कार्डं आज बरोबर आहेत. पण पहिली यादी चुकली, त्या अर्थी त्या दिवशी कार्डांवर ती भोकं नव्हती. ओरड झाल्यावर कुणीतरी ती गुपचूप पाडली. कार्डं यादीनंतर पंचिंगच्या खोलीतच परत जात असत, आणि ती पाडली होती रूथबाईंनी.

रूथ साळवे आमच्याकडे पंचिंगला होत्या. वडील मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, पाठचे दोघे भाऊ शिकत होते, आणि घर बाईंच्या पगारावर. अजून कायम झालेल्या नव्हत्या. साऱ्या नगरात असं यंत्र एकच. इथून लबाडीचा शिक्का घेऊन बाहेर पडलं तर त्यांच्या कामाला गिऱ्हाईकच उरणार नव्हतं. टेंभेसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की सोमवारी संचालकांची बैठक आहे, त्यात बाईंना कमी करण्याचा कागद ठेवतो. चूक झाली असती तर सांभाळून घेतलं असतं, पण चूक झाकली हे माफ करण्यासारखं नाही.

मला वाटलं बाई रडतील. त्यांनी मशीनवर कापड टाकलं, डबा पिशवीत ठेवला आणि माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"शेवाळे, मी भोकं त्याच दिवशी पाडली. शेतकी खात्याचा कागद समोर ठेवून."

"माझा विश्वास आहे, बाई."

"विश्वासाचं मी काय करू? भोक कधी पाडलं ते त्याच्यावर लिहिलेलं नसतं, हे मलाही कळतं. माझी कार्डं बोलणार नाहीत. तुमचा तो गठ्ठा बोलतो का बघा."

हे म्हणताना त्यांचा आवाज चढला होता. मला तो आवडला. निरपराध माणसाने गयावया केलेली मला बघवत नाही.

त्यांचं म्हणणं चोख होतं. कार्डं साक्ष देऊ शकत नव्हती. पण पहिल्या यादीच्या वेळी जर यंत्रात भलताच प्रोग्रॅम असेल, तर कार्डं बरोबर असूनही यादी चुकली असती. म्हणजे प्रश्न एवढाच, त्या दिवशी यंत्राच्या पोटात काय होतं? मी टेंभेसाहेबांना म्हटलं, गठ्ठा तपासतो. ते म्हणाले, "तपासा की. कालच माझ्यासमोर चाललाय."

मी कपाटातला गठ्ठा काढला आणि सवयीने पहिलं कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. कुंडली नव्हतीच. पहिलं कार्ड म्हणून जे होतं, तो थेट प्रोग्रॅम होता. गठ्ठ्याला डोकंच नव्हतं. यंत्राला त्याने फरक पडत नाही, म्हणून टेंभेसाहेबांसमोर तो सुरळीत चालला. पण डोकं गेलं कुठे?

यंत्राच्या हॉलमध्ये गेलो. रोजच्या वापराच्या गठ्ठ्यांचा लाकडी ट्रे यंत्राशेजारी असे. त्यात 'तोड' लिहिलेला आणखी एक गठ्ठा होता. त्याचं पहिलं कार्ड उजेडात धरलं. नाव 'तोड', भाषांतर याच हंगामाचं, जागा बरोबर माझ्या नव्या प्रोग्रॅमइतकी. म्हणजे हे तेच हरवलेलं डोकं. एखादा यावर खूश झाला असता, की चला, त्या दिवशीही नवाच प्रोग्रॅम चालला, बाईच खोट्या. मी झाकण उघडणारा माणूस. मी गठ्ठा आडवा धरला.

इथे एक रीत सांगायला हवी. गठ्ठा हातातून पडला की कार्डांचा क्रम बिघडतो, म्हणून आम्ही गठ्ठ्याच्या कडेवर पेन्सिलीने एक तिरपी रेघ ओढून ठेवायचो. एखादं कार्ड इकडचं तिकडे झालं की रेघ तुटलेली दिसते. या गठ्ठ्यावर रेघ होती, खालपासून वरपर्यंत सरळ, आणि अगदी वरच्या कार्डाशी तुटलेली. आणि कडेला, कार्डांच्या फटीत, पिवळी पूड होती. बोटाला लावून पाहिली. हळद होती.

दत्तोबा दुसऱ्या दिवशी गावाहून परतले. मी त्यांना ट्रेजवळ नेलं आणि गठ्ठा दाखवला. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती.

"ह्यो आपला पूजंचा गठ्ठा," ते म्हणाले. "दसऱ्याला पाटावर बसवलेला. गेल्या साली समदा हंगाम यानं पार पाडला, कुटं अडला न्हाई. मंग मान त्याचाच न्हवं का?"

"मग मी नवा दिला तो?"

"त्यो तुमी जोडीला काढला आसंल म्हनलं. कार्डं झिजली की काढताच की. नाव बी त्येच. मी सायबांच्या कपाटात ठिवला. पूजा क्येल्याला बाजूला सारून हंगामाची सुरवात कोऱ्यानं कशी करायची, सायब?"

"आणि पहिलं कार्ड?"

दत्तोबा जरा ओशाळले. "कुकू वलं लागलं हुतं. कार्ड फुगलं. हंगामाच्या मुहूर्ताच्या दिवशीच मशिनीत अडाकलं. मंग नव्या गठ्ठ्याचं वरचं कार्ड काडून याच्यावर ठिवलं. एकच तर कार्ड. बाकी समदी पूजंचीच हायेत. अन् त्ये कुकवाचं घरी द्येवघरात ठिवलंया. टाकायचं कसं?"

हसावं की कपाळ बडवावं ते मला कळेना. बॉयलरवर हे घडलं नसतं, मुंबईच्या ऑपरेटरनेही केलं नसतं. असा घोटाळा फक्त आमच्याच हॉलमध्ये होऊ शकत होता, जिथे चपला बाहेर काढून आत यायचं असे. दत्तोबांना दोष तरी काय द्यायचा? आमच्या इथे दोन्ही गठ्ठ्यांवर 'तोड' एवढंच लिहायची पद्धत. कुठल्या सालचा ते पहिल्या कार्डावर असतं म्हणून वर कुणी लिहीत नसे, आणि ते कार्ड त्यांना वाचता येत नव्हतं.

मी म्हणालो, "दत्तोबा, या गठ्ठ्यापायी रूथबाईंची नोकरी चाललीय." त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळं ऐकलं आणि ते तसेच अनवाणी टेंभेसाहेबांच्या खोलीकडे निघाले. मी थांबवत होतो. नुसतं सांगून भागणार नव्हतं. बाईंना वाचवायला दत्तोबा अंगावर घेतायत असंही कुणी म्हणालं असतं.

टेंभेसाहेबांकडून मी यंत्राचा थोडा वेळ मागून घेतला. साखरेच्या पोत्यांचं काम अडलं म्हणून ते कुरकुरले, पण आले. मी रूथबाईंनाही बोलावलं. ट्रेमधला गठ्ठा जसाच्या तसा यंत्रात घातला, आणि मेमरी होती तशी कागदावर छापून घेतली. तो कागद म्हणजे नुसती अक्षरं नि आकडे, पण त्यात बोट कुठे ठेवायचं ते माहीत असलं की पुरे. पहिलं कार्ड सांगत होतं, प्रोग्रॅम इथपर्यंत आहे. मेमरीत तो त्याच्या बराच अलीकडे संपला होता. दारावरच्या पाटीप्रमाणे घरात एक खोली जास्त हवी होती, ती नव्हतीच. आणि जी खोली नव्हती ती विहिरीचा रकाना वाचण्याची.

"वर यंदाचं कार्ड," मी म्हणालो, "आत गेल्या सालचा प्रोग्रॅम. याला विहीर म्हणजे काय ते ठाऊकच नाही. बाईंनी भोक पाडलं असतं किंवा नसतं, यादी हीच आली असती."

टेंभेसाहेबांनी कागद दोनदा पाहिला. ते फिरले ते थेट दत्तोबांकडे. "म्हणजे सोमवारच्या कागदात नाव बदलायचं तर."

मी काही बोलणार, त्याआधी रूथबाई बोलल्या. "साहेब, नाव बदलू नका, कागदच फाडा. दत्तोबांनी काही झाकलं नाही. आणि मला लबाड ठरवलंत ते साऱ्या खोलीसमोर. ते खोडायचं तेही साऱ्या खोलीसमोर."

टेंभेसाहेब लाल झाले. पण गेले पंचिंगच्या खोलीत, सगळ्यांना उभं केलं आणि म्हणाले, की रूथबाईंच्या कामात चूक नव्हती, चूक आपल्या तपासात होती. 'क्षमा' हा शब्द काही त्यांच्या तोंडून आला नाही. बाईंनी मशीनवरचं कापड काढलं, घडी घातली आणि पुढचं कार्ड लावलं.

नवी यादी त्याच दिवशी गेली. नामदेवतात्यांची पाळी वर आली म्हणून मी निरोप धाडला. दोनेक दिवसांनी तेच आले, पुन्हा चपला काढून, टोपी हातात घेऊन.

"टोळी आलती," ते म्हणाले. "मागं धाडली. निम्मा फड वाळून चिपाड झाल्ता, कारखान्याला काय द्यायचं? हिरवा हुता त्यो तोडून गावच्या गुरांपुढं टाकला. चारा कुटं हाय?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनीच मला समजावलं, "जाऊ द्या. मुक्या जनावराच्या पोटात ग्येला. पर सायब, म्होरल्या साली हिला माजी हीर दाखवा."

या गोष्टीचा मला आजही त्रास होतो. आम्ही बाईंची नोकरी वाचवली, गठ्ठ्याचं कोडं सोडवलं, मी त्यावर पुढे कितीदा तरी फुशारकीने बोललो. पण आमचा तपास चालू असताना तिकडे ऊस वाळत होता, तो आमच्यासाठी थांबला नाही. प्रोग्रॅम दुरुस्त करता येतो आणि यादी पुन्हा छापता येते, एवढ्यावर आम्ही लोक फार भरवसा ठेवतो. तात्यांचा फड पुन्हा छापता आला नाही.

बाई लवकरच कायम झाल्या. त्यांनी माझ्याकडे एकच मागणं केलं, न छापलेलं कार्ड वाचायला शिकवा. "पुन्हा माझ्यावर वेळ आली तर तुमच्याकडे बघत बसायला नको." मी शिकवलं. अवघड काही नसतं त्यात, सवय हवी. त्या माझ्याहून लवकर वाचू लागल्या, आणि ते मला सांगायलाही विसरल्या नाहीत.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. दसरा आला. हॉलमध्ये नेहमीसारखी तयारी: झेंडूच्या माळा, नारळ, पेढे. बाई दरवर्षी अशा वेळी दाराशी उभ्या राहून बघत आणि पेढा घेऊन जात. त्यांचा धर्म वेगळा, आणि त्यांना कुणी आत बोलावतही नसे. त्या वर्षी पाट मांडला, त्यावर वस्त्र घातलं, नि दत्तोबा गठ्ठा दोन्ही हातांत धरून उभेच राहिले. मुहूर्त टळेल म्हणून टेंभेसाहेब घड्याळ बघायला लागले.

"थांबा सायब," दत्तोबा म्हणाले आणि दाराकडे वळले. "बाई, आत या. ह्ये तेवढं वाचा."

रूथबाईंनी चपला काढल्या. आत आल्या, वरचं कार्ड उचललं, खिडकीच्या उजेडात धरलं. मग गठ्ठा आडवा करून कडेची रेघ पाहिली, खालपासून वरपर्यंत.

"यंदाचाच आहे," त्या म्हणाल्या.

मग दत्तोबांनी कुंकवाची डबी उघडली.